बाबाले हरवायची युक्ती

सकाळी सहा चाळीसला हिंगणा टी-पॉइंटच्या सिग्नलवर कंपनीची बस उभी असताना अंकुशला मागच्या सीटवरून आपल्या मुलीचा आवाज ऐकू आला. क्षणभर त्याला वाटलं, प्रणाली बसमध्ये चढली की काय. ती तर वाडीच्या खोलीत अजून गोधडीत असणार, कॉलेज दहाचं. मग लक्षात आलं, आवाज कुणाच्या तरी मोबाइलमधून येतोय. "तर मंडळी, आज बाबाले हरवायची युक्ती सांगून राहिली मी. चकती घेऊन घुसलं का लगेच मारायची नाही. घाई करणारा हरते. धरून ठेवायची, समोरच्याले आपल्या अंगावर येऊ द्यायचं. मग गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, समोरून आडवा पास द्यायचा, अन् तिकडच्यानं थांबायचं नाही, आली का हाणायची. गोलीले इकडून तिकडं सरकायले लावलं का जागा उघडी पडते." तो बर्फावरच्या हॉकीचा गेम. नागपुरात बर्फ पाहायचा तर रसवंतीवाल्याच्या खोक्यात, आणि ही पोरगी बर्फावर हॉकी कशी खेळावी हे तीन हजार लोकांना मोबाइलवरून शिकवत होती. अंकुशला याचं हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. तो गिअरवर हात ठेवून ऐकत राहिला. "अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोरच्याची सवय हेरायची. तो कोणीकडं पाहत नाही, थे पाहायचं. आता माह्या बाबाचं घ्या. बाबा डावीकडं पाहतच नाही. मी दर रविवारी डावीकडून जाते. एकतीस गोल झाले, एक अडवला नाही त्यायनं." बसभर हशा पिकला. बेचाळीस माणसं, अर्धी पेंगत होती तीही जागी झाली. "काका, पोरगी तर लय तेज हाय गा तुमची!" मागून दुर्गेश ओरडला. तो प्रेस शॉपमधला, त्याला प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं. अंकुशही हसला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला आणि त्यानं बस पुढे काढली.

पण कंपनीच्या गेटपर्यंत त्याच्या मानेत काहीतरी अडकून बसलं. मान गेलं वर्षभर दुखत होतीच. सीट खराब आहे, कंत्राटदार बदलत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा आणि स्वतःलाही. आज त्याला कळलं की आपण डावा आरसा पाहायला डोळे फिरवतच नाही, आख्खी मान फिरवतो, खांद्यासकट. केव्हापासून, ते आठवेना. आधी असं नव्हतं. आधी समोर रस्त्यावर नजर ठेवूनसुद्धा दाराशी कोण चढलं, कोणाच्या हातात दोन डबे आहेत, कोण आज रुसलेलं आहे हे सगळं दिसायचं. ते दिसणं कधी थांबलं? असं थांबल्याचं कुणाला कळतं तरी कसं? अंधार झाला असता तर कळलं असतं. अंधार नव्हता. तिथे काहीच नव्हतं, आणि काही नसणं दिसत नाही. एमआयडीसीच्या रस्त्यावर डाव्या अंगानं मोटरसायकलींची रांग धावत असते, शिफ्ट गाठायला सगळेच जिवावर उदार. त्यांचा आवाज तर येत होता. त्यानं मान वळवली तेव्हा त्या होत्या. मान सरळ केली तेव्हा नुसता आवाज उरला.

त्याचं बालपण गोळीबार चौकाजवळच्या कोष्ट्यांच्या वस्तीत गेलं होतं, घरात माग होता. बाप मारोतराव लुगडी विणायचा. धोटा उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, दिवसभर खटक-खटक. त्या आवाजात अंकुश अभ्यास करायचा, जेवायचा, झोपायचासुद्धा. तो चौदा वर्षांचा असताना लुगड्यांच्या डाव्या काठात खोट यायला लागली. ताण्याचा धागा तुटलेला असायचा आणि बाप तसाच पुढे विणत जायचा. बाप सुताला शिव्या द्यायचा, रंगाऱ्याला द्यायचा, एकदा तर उंदरांना दिल्या. मग आई, तुळजाबाई, आपला कांड्या भरायचा चरखा उचलून मागाच्या डाव्या बाजूला घेऊन बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती कांड्या भरता भरता नुसती म्हणायची, "तुटला." बाप थांबायचा, चाचपून गाठ मारायचा, पुढे विणायचा. दोन वर्षं असं चाललं. घरात यावर एक शब्द कुणी बोललं नाही. मग आई भावाच्या लग्नाला आठ दिवस उमरेडला गेली आणि बापानं जिद्दीनं एक लुगडं एकट्यानं विणून काढलं. व्यापाऱ्यानं ते दुकानाच्या ओट्यावर उलगडलं, तेव्हा अंकुश बापाच्या शेजारी उभा होता. डावा काठ जाळीसारखा झाला होता. व्यापारी नुसती घडी घालत राहिला. तिकडे चार गिऱ्हाइकं बसली होती, ती एकमेकांकडे पाहायला लागली. बाप मात्र हसत होता, कारण त्याला अजून दिसलंच नव्हतं. पुढे मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरानं सांगितलं, काचबिंदू आहे, गेलं ते आता येत नाही. आणि अंकुशकडे बोट दाखवून म्हणाला, हा रक्तातून उतरतो, या पोराचे डोळे तपासत जा.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो ड्रायव्हर झाला. दर वर्षी कंपनीत डोळे तपासायचं शिबिर लागतं, भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगतात. ड्रायव्हर लोक आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर तो तक्ता एकमेकांकडून पाठ करून घेतात. ही काही लबाडी आहे असं कुणालाच वाटत नाही. परीक्षा आली की अभ्यास करायचा, एवढंच. यात रुपराव सगळ्यांचा मास्तर. त्याची तीस वर्षं गाडीवर गेलेली, तो तक्त्यातली अक्षरं आरतीच्या चालीवर म्हणून घ्यायचा आणि चुकलं की टपलीत मारायचा. अंकुशनं अकरा वर्षांत तो तक्ता कधी वाचला नव्हता, दर वेळी म्हटला होता. कदाचित त्याला तो वाचताही आला असता. आपल्याला काय दिसतं आणि काय नुसतं पाठ आहे, हे शोधून काढायची त्याला कधी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं प्रणालीला गेम लावायला सांगितला. बुधवार होता, ती चकितच झाली. "आज काहून? रविवार कुठं हाय?" "लाव तू," तो म्हणाला. टीव्हीवर पांढराशुभ्र बर्फ पसरला, त्याच्यावर हेल्मेट घातलेली माणसं. त्याला त्या बर्फाची भीती वाटली, असं याआधी कधी झालं नव्हतं. तिनं चकती घेतली, मध्यातून आत घुसली, त्याचे दोन गडी आपल्या अंगावर येऊ दिले, मग आडवा पास, आणि गोल. त्याला पास गेलेला दिसला, पण तो कुणाकडे गेला ते दिसलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं मान डावीकडे वळवून ठेवली. तेव्हा तिथे तिचा एक गडी उभा दिसला, काठी उचलून, निवांत वाट पाहत. इतके रविवार तो तिथेच उभा असणार. अंकुशनं तो गोल अडवला, पुढचाही अडवला. प्रणाली टाळ्या पिटेल असं त्याला वाटलं होतं. तिनं रिमोट मांडीवर ठेवला. "बाबा, तुम्ही मान काहून फिरवून राहिले?"

"तूच तं सांगतलं ना, डावीकडं पाहा म्हणून."

"डोळे फिरवा ना मग. मान कोण फिरवते?"

स्वयंपाकघरातून भारती चहा घेऊन आली आणि खाटेला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताशी कप ठेवून गेली. त्यानं त्या वळशाकडे पाहिलं. सरळ आली असती तर डावीकडून दोन पावलांत पोचली असती. मध्ये खाट, टीव्हीचं स्टूल, प्रणालीचं दप्तर, सगळं ओलांडून ती उजवीकडे आली होती. "भारती," त्यानं हाक मारली, "तू तिकडून काहून आली वं?" तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "तुम्ही दचकता ना, इकडून आलं का. मागं एकदा चहा सांडवला होता, माह्यावरच वसकन ओरडले. तेव्हापासून मी तिकडूनच येते." तिनं हे अगदी सहज सांगितलं, आणि अंकुश एकेक आठवू लागला. जेवताना ताट उजवीकडून येतं. रस्त्यानं चालताना ती उजवीकडे असते. झोपतानासुद्धा. वर्षभरापासून सगळं घर गुपचूप त्याच्या उजवीकडे सरकलं होतं, आणि कुणी एक शब्द बोललं नव्हतं. प्रणाली एकदा आईकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहत होती. तिचा चेहरा उतरला होता. "मी तो व्हिडिओ काढून टाकू का बाबा?" तिनं विचारलं. "काहून? चांगला हाय," तो म्हणाला. त्याला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. पोरीनं काय केलं होतं? जे होतं ते पाहिलं, मोजलं आणि हसत हसत सगळ्या जगाला सांगितलं. हरवायला निघालेल्या माणसाचीच नजर इतकी स्वच्छ असते. प्रेम करणारे वळसा घालून येतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं बस सावकाश चालवली. प्रताप नगरातली माणसं चढेपर्यंत सगळं ठीक होतं. एमआयडीसीच्या वळणावर त्यानं डावीकडे घेतलं, मान वळवून पाहिलं होतं, रस्ता मोकळा होता, मान सरळ केली, आणि तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं. त्यानं ब्रेक दाबला. बसच्या पोटाखालून निघावी तशी एक मोटरसायकल पुढे आली, वर दोन पोरं, मागच्याचा डबा रस्त्यावर सांडलेला. "आंधळा हायेस का बे?" चालवणारा ओरडला आणि शिफ्टच्या घाईत निघूनही गेला. रस्त्यावर भात पडला होता. मागून दुर्गेश म्हणाला, "काका, प्रणाली आली वाटते डावीकडून!" आणि पुन्हा तोच हशा. त्या सगळ्यांना आदळता आदळता वाचल्याचं हसू येत होतं. एकटी सरिता हसली नाही. ती दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसायची, पॅकिंगमध्ये होती, पंचेचाळिशीची, चार वर्षांत अंकुशशी चार वाक्यंही बोललेली नव्हती. किंचाळली होती ती तीच. तिनं खिडकीतून पाहिलं होतं, किती अंतर उरलं होतं ते. संध्याकाळी सगळे उतरून गेले तरी ती दाराशी थांबली. हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, मी सांगत जाऊ का इकडचं?"

"काही गरज नाही," अंकुश म्हणाला.

तरी दुसऱ्या दिवसापासून ती सांगायला लागली. मोठ्यानं नाही, त्याच्यापुरतंच. गाडी आहे. थांबा. गेली. जाऊ द्या आता. पहिले दोन दिवस त्याला ते झोंबलं. तिसऱ्या दिवशी त्यानं डावीकडे मान वळवणं बंद केलं आणि बरं वाटलं. मान दुखायची थांबली. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की वळणाआधी आपण तिच्या आवाजासाठी थांबतो आहोत. बेचाळीस माणसं मागे पेंगत होती, मोबाइल पाहत होती, त्यांच्या दृष्टीनं बस चालवणारा एक माणूस होता. बस चालवणारी दोन होती आणि त्यांतल्या एकीला क्लच कुठे असतो हेही माहीत नव्हतं. तिला खोकला आला तर? ती क्षणभर मोबाइलमध्ये पाहू लागली तर? तिची साप्ताहिक सुट्टी बदलली तर? तो हे प्रश्न स्वतःला रोज विचारायचा आणि रोज गाडी सुरू करायचा.

त्याच आठवड्यात कंपनीनं नोटीस लावली. कुठल्याशा दुसऱ्या कारखान्याच्या बसला अपघात झाला होता, म्हणून आता तक्ता नाही, सगळ्या ड्रायव्हरांनी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन मशीनवर तपासणी करून यायचं. टपरीवर सगळे चिंतेत बसले. रुपराव मात्र आधीच जाऊन पास होऊन आला होता. त्यानं पेल्यातला चहा संपवला आणि शिकवणी घेतली. "एक मोठं पांढरं घमेलं राहते. त्याच्यात तोंड घालायचं. इकडं तिकडं बारके दिवे लागते. दिवा दिसला का हातातलं बटण दाबायचं. अन् नाही दिसला तरी दाबायचं! मनात मोजायचं, एक-दोन-तीन, दाब. एक-दोन, दाब. एकसारखं नाही दाबायचं, नाहीतर तपासणारी पोरगी ओळखते. समजलं का गा अंकुश?" सगळे हसले, दोघांनी तर तिथेच अंगठ्यानं पेल्यावर सराव सुरू केला. अंकुशही मोजायला लागला. त्याला ते लगेच जमलं. आयुष्यभर तो धोट्याच्या ठेक्यात वाढलेला माणूस, ठेका मोडूनही कसा धरायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही. रुपरावनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू तं पास होतेच लेका."

तपासणी शनिवारची होती. शुक्रवारी संध्याकाळी सरिता पुन्हा दाराशी थांबली, या वेळी हसत. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. "भाऊ, माही मयुरा लागली ना कंपनीत. सोमवारपासून आपल्याच बसनं येते." त्यानं पेढा घेतला. "तिची शिफ्ट अन् माही एकच हाय, म्हणून बरं झालं. नाहीतर दुसऱ्या बसनं पाठवा लागलं असतं." ती हे बोलून गेली आणि घाईनं पुडा बांधू लागली. अंकुशनं तिच्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं? ती बसमध्ये असेल तर पोरगी त्याच्या बसमध्ये चढेल. ती नसेल तर नाही. तिला सगळं माहीत होतं. माहीत असून ती रोज चढत होती, डाव्या खिडकीशी बसत होती, आणि बाकीच्या एकेचाळीस जणांना तिनं काही सांगितलं नव्हतं, का तर भाऊची नोकरी जाईल. आईनंही व्यापाऱ्याला सांगितलं नव्हतं. पण लुगड्याचा काठ उसवला तर लुगडं जातं, एवढंच. पेढा त्याच्या तोंडात तसाच राहिला.

शनिवारी प्रणाली त्याच्यासोबत आली. तिनं स्वतःहून कॉलेज बुडवलं होतं आणि त्यानं का म्हणून विचारलं नाही. दवाखान्याच्या बाकावर ती त्याच्या डावीकडे बसली, मुद्दाम, खांद्याला खांदा लावून. "बाबा," ती म्हणाली, "रुपरावकाकाची युक्ती तुम्ही आईले सांगतली होती ना, तिनं मले सांगतली." तिनं त्याचा हात धरला. "नका करू तसं." तिनं एवढंच म्हटलं आणि रडू आवरलं. त्याला वाटलं, पोरीचे डोळे तपासून घ्यायला हवेत, आजच, हिचेही रक्तातूनच आलेले. ते तिला सांगावं असं मनात आलं, पण तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं.

खोली लहान होती, पडदे ओढलेले. तपासणारी मुलगी प्रणालीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं त्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावली, हनुवटी पट्टीवर टेकवायला सांगितली, हातात बटण दिलं. "काका, मधल्या पिवळ्या दिव्याकडंच पाहायचं. नजर हलवायची नाही. बाजूला कुठंही बारीक दिवा दिसला का दाबायचं. समजलं?" "हो," तो म्हणाला. आत सगळं पांढरं होतं, मधोमध तो पिवळा ठिपका. मशीन कुठेतरी बारीक घरघरत होतं. अंकुशनं अंगठा बटणावर ठेवला आणि मोजणी आपोआप सुरू झाली, एक, दोन, तीन. त्यानं ती थांबवली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबवली. नोकरी जाईल. सत्तेचाळिसाव्या वर्षी गोदामात पोती मोजायचं काम मिळालं तर मिळेल. भारतीला सांगावं लागेल, की वळसा घालायची गरज नाही, आता सरळ ये. दुर्गेशचा चेहरा कसा होईल, हा विचार आला आणि त्याला नवल वाटलं की या घटकेला आपल्याला दुर्गेश आठवावा. मग त्याच्या मनात सोमवारची सकाळ आली, सरिताच्या मागून चढणारी एक अनोळखी मुलगी, नवा डबा, नवं ओळखपत्र. नाही, तो मनाशी म्हणाला. दिसेल तेव्हाच दाबायचं. एकही खोटा नाही. हे ठरलं आणि त्याचे खांदे सैल झाले. किती दिवसांनी असं हलकं वाटत होतं. आता दिवे लागू देत, जेवढे दिसतील तेवढे. पिवळ्या ठिपक्यावर नजर रोखून, अंगठा तयार ठेवून, तो तपासणी सुरू व्हायची वाट पाहत राहिला. बराच वेळ गेला. मुलगी काहीतरी विसरली असेल, मशीन जुनं असेल. शेवटी त्यानं हनुवटी न हलवता विचारलं, "बाई, सुरू केव्हा करता?"

तिच्या खुर्चीचा आवाज झाला, मग ती त्याच्या अगदी जवळ आली आणि हलक्या हातानं त्याच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडू लागली.

"डावा डोळा झाला, काका," ती म्हणाली.